वावर सौर प्रकल्पाला देताना: सहीच्या आधीचा पैशाचा आणि कराचा हिशेब

शेतीला दिवसा वीज मिळावी म्हणून जमीन भाड्याने घेऊन सौर प्रकल्प उभारणारी मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ साली सुरू झाली तेव्हा पथदर्शी प्रकल्पांसाठी राळेगणसिद्धीबरोबर आपल्या यवतमाळ जिल्ह्यातलं कोळंबी निवडलं गेलं होतं. २०२३ मध्ये योजनेचा दुसरा टप्पा, म्हणजे २.०, आला आणि आता विदर्भात विजेच्या उपकेंद्राजवळच्या बहुतेक गावांत जमिनीची विचारणा सुरू आहे. कोणी महावितरणच्या योजनेतून येतो, कोणी खासगी कंपनीचा माणूस म्हणून, कोणी नुसताच मध्यस्थ. एकराला वर्षाला पन्नास हजार हा आकडा सगळ्यांच्या तोंडी असतो.

आकडा चांगला आहे, यात वाद नाही. पण हा व्यवहार पंचवीस-तीस वर्षांचा आहे. सातबाऱ्यावर कोणाची नावं आहेत, जमीन कोणत्या प्रकारची आहे आणि करारात कोणती वाक्यं आहेत, या तीन गोष्टींवर तुमच्या हातात किती पैसा राहणार आणि किती कर जाणार हे ठरतं. तिन्ही गोष्टी सहीच्या आधीच बदलता येतात. सही झाल्यावर सीएकडे गेलात तर तो फक्त विवरणपत्र भरून देऊ शकतो. म्हणून हा लेख सहीच्या आधी करायच्या कामांच्या क्रमाने लिहिला आहे.

१ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या जागी आयकर कायदा २०२५ लागू झाला. कलमांचे क्रमांक बदलले, ‘आकारणी वर्ष’ जाऊन ‘करवर्ष’ आलं. म्हणून इथे आयकराच्या कलमांचे क्रमांक देत बसत नाही, नियम कसा चालतो ते सांगतो.

पहिली पायरी: जमिनीचा प्रकार तपासा

सातबारा, आठ-अ, जुने फेरफार आणि मोजणीचा नकाशा एका फाईलमध्ये आणा. मग सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग बघा. वर्ग-१, म्हणजे मोकळी मालकी असेल तर वाट सोपी. वर्ग-२, म्हणजे शासनाच्या अटींवरची जमीन असेल तर हस्तांतरणाला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, आणि पंचवीस वर्षांचा भाडेपट्टा हेही हस्तांतरणच आहे.

विदर्भात तीन गोष्टी जास्तीच्या बघाव्या लागतात. पहिली, भूदानाची जमीन. पवनारच्या भूमीतून चाललेल्या या चळवळीत मिळालेल्या जमिनी वर्धा, यवतमाळ, अमरावती अशा जिल्ह्यांत गावोगाव आहेत. त्या ज्याला मिळाल्या त्याने कसण्यासाठी मिळाल्या आहेत, मर्जीने विकायला किंवा भाड्याने द्यायला नाही.

दुसरी, झुडपी जंगल. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या सहा जिल्ह्यांत महसुली कागदावर ‘झुडपी जंगल’ असा शेरा असलेल्या हजारो हेक्टर जमिनी आहेत. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना वनाचाच दर्जा असल्याचं स्पष्ट केलं. तुमच्या गटाच्या धुऱ्याला लागून अशी जमीन असेल तर मोजणी करूनच पुढे जा. कंपनीच्या कुंपणाने चार गुंठे झुडपी जंगल गिळलं तर प्रकरण वनखात्याकडे जातं आणि तोवर भाडं अडकतं.

तिसरी, आदिवासी खातेदाराची जमीन. मेळघाट, गडचिरोली, केळापूर-पांढरकवडा या पट्ट्यांत हा प्रश्न नेहमीचा आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६-अ प्रमाणे बिगर आदिवासीला ती भाडेपट्ट्यानेसुद्धा परवानगीशिवाय देता येत नाही. पाच वर्षांपर्यंतच्या पट्ट्याला जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते, त्याहून लांब मुदतीला राज्य शासनाची मान्यताही. ‘आधी सही करा, परवानगी आम्ही आणतो’ असं कोणी म्हणत असेल तर तिथेच थांबा.

शिवाय विदर्भाला कूळवहिवाटीचा वेगळा कायदा आहे, १९५८ चा. शेतकरी नसलेल्याला शेतजमीन देण्यावरचं बंधन त्यात आहे. कंपनी ही शेतकरी नसते. त्यामुळे कोणत्या योजनेखाली, कोणत्या आदेशाने ती जमीन घेते आहे, तो आदेश प्रतीसह मागून घ्या आणि फाईलला लावा.

पीककर्जाचा किंवा सोसायटीचा बोजा असेल तर तो फेडा किंवा बँकेचं ना-हरकत पत्र घ्या. हे काम शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका, कारण कंपनीचा वकील शोध अहवालात बोजा काढतोच आणि मग घाईत भाव तुमचा पडतो.

दुसरी पायरी: कोणतं वावर द्यायचं

माझं मत ठाम आहे: काळी, ओलिताची जमीन पॅनेलखाली घालू नका. वरुड-मोर्शीकडची संत्र्याची बाग तोडून सौर प्रकल्पाला देण्याचा विचार असेल तर दहा वर्षांचा बागेचा हिशेब समोर ठेवून बघा. बरड, उथळ, मुरमाड वावर किंवा अकोला-अमरावती-बुलढाण्याच्या खारपाण पट्ट्यातली जमीन द्यायला हरकत नाही.

कोरडवाहू कापसाचंच बघा. २०२५-२६ ला लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८,११० रुपये होता. समजा एकरी सहा क्विंटल झाला आणि तो पूर्ण हमीभावाने गेला, तर ४८,६६० रुपये येतात, आणि त्यातून बियाणं, खत, फवारणी, निंदण, वेचाई वजा जायची. त्यापुढे पन्नास हजार भाडं म्हणजे सरळ फायदा. हाच हिशेब स्वतःच्या वावराचा, मागच्या पाच हंगामांचा, खऱ्या उत्पन्नाने करा. चांगल्या वर्षाचं एकच साल धरू नका. तुमच्या वावरात वेचणीला येणाऱ्या बायांचा रोजगार त्या एकरातून कायमचा जातो, हेही निर्णय घेताना डोळ्यांसमोर असू द्या. तो आकडा तुमच्या वहीत येत नाही, पण गावात दिसतो.

जमीन उपकेंद्रापासून किती दूर हे महत्त्वाचं. योजनेत साधारण ५ ते १० किलोमीटरच्या आतली जागा धरतात. किमान ३ एकर आणि कमाल ५० एकर अशी अट आहे. पांदण रस्ता वहिवाटीचा आणि ट्रक जाईल असा असेल तर तुमची बाजू बळकट होते, भाव करताना ते बोला.

एक पथ्य मात्र कोणीही पाळावं. सगळी जमीन देऊ नका. घरातल्या प्रत्येक खातेदाराच्या नावे थोडी तरी कसती शेतजमीन राहू द्या. महाराष्ट्रात शेतजमीन विकत घ्यायला शेतकरी असावं लागतं. सगळं वावर अकृषिक झालं तर पोराला उद्या दोन एकर घेताना शेतकरी असल्याचा पुरावा शोधत फिरावं लागेल.

तिसरी पायरी: भाड्याचा पंचवीस वर्षांचा हिशेब

योजनेत भाडं हेक्टरी वर्षाला १,२५,००० रुपये किंवा जमिनीच्या नोंदणी विभागाच्या मूल्याच्या ६ टक्के, यांतलं जे जास्त असेल ते, आणि त्यावर दरवर्षी ३ टक्के वाढ, असं सूत्र आहे. शहराजवळच्या किंवा महामार्गालगतच्या जमिनीचं हे मूल्य, म्हणजे रेडीरेकनर, जास्त असेल तर ६ टक्क्यांचा आकडा सव्वा लाखाच्या वर जाऊ शकतो. म्हणजे हेक्टरी मूल्य २१ लाखांच्या आसपास गेलं की तो पर्याय फायद्याचा. हे मूल्य नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर आपल्या गावाचं नाव टाकून बघता येतं. कंपनीचा माणूस स्वतःहून काढून देणार नाही.

वाढ सरळ की चक्रवाढ, हा शब्द करारात शोधा. सरळ ३ टक्के म्हणजे दरवर्षी ३,७५० रुपये वाढ. पंचविसाव्या वर्षी भाडं २,१५,००० होतं आणि पंचवीस वर्षांची बेरीज ४२ लाख ५० हजार. चक्रवाढ असेल तर पंचविसाव्या वर्षी भाडं सुमारे २ लाख ५४ हजार आणि बेरीज सुमारे ४५ लाख ५७ हजार. हेक्टरी तीन लाखांचा फरक एका शब्दाने पडतो. सरकारी योजनेत सूत्र ठरलेलं असतं, तिथे हुज्जत चालत नाही. खासगी कंपनीशी थेट व्यवहार असेल तर मात्र चक्रवाढच मागा.

आता महागाईचा हिशेब. महागाई वर्षाला ५ टक्के धरली तर पंचविसाव्या वर्षीच्या २,१५,००० रुपयांत आजच्या सुमारे ६७ हजारांची वस्तू येईल. भाडं कागदावर वाढत राहतं, त्याची खरेदीची ताकद मात्र निम्म्यावर येते. म्हणून या भाड्यावर घर चालवायचं असेल तर पहिल्या दहा वर्षांत त्यातला काही हिस्सा बाजूला पडलाच पाहिजे. मुलीच्या शिक्षणाला, विहिरीला, ठेवीला, कशालाही, पण दरवर्षी.

चौथी पायरी: नावं आणि हिस्से, म्हणजे कराचा खरा निर्णय

शेतीचं उत्पन्न करमुक्त असतं म्हणून सौर प्रकल्पाचं भाडंही करमुक्त, हा गैरसमज गावागावांत आहे. तसं नाही. जमीन शेतीसाठी दिली, मक्त्याने दिली, तर ते भाडं शेती उत्पन्न. पॅनेल लावायला दिली तर ते करपात्र उत्पन्न, आणि मोकळ्या जमिनीचं भाडं असल्याने ते ‘इतर स्रोतांपासूनचं उत्पन्न’ या शीर्षाखाली जातं. घरभाड्याला मिळणारी ३० टक्के सूट इथे मिळत नाही.

नव्या कर पद्धतीत ४ लाखांपर्यंत कर नाही. मग ८ लाखांपर्यंत ५ टक्के, १२ पर्यंत १०, १६ पर्यंत १५, २० पर्यंत २०, २४ पर्यंत २५ आणि वर ३० टक्के. निवासी (भारतात राहणाऱ्या) व्यक्तीचं करपात्र उत्पन्न १२ लाखांपर्यंत असेल तर सवलत मिळून कर शून्य होतो. पाच-दहा एकर दिलेल्या माणसाला बहुतेक वेळा कर लागतच नाही.

मोठ्या क्षेत्राचं मात्र वेगळं. समजा बारा हेक्टर जमीन एकट्या बापाच्या नावावर आहे आणि ती सगळी दिली. भाडं १५ लाख. शिवाय दुसऱ्या वावरातून ४ लाखांचं शेती उत्पन्न. शेती उत्पन्नावर थेट कर नाही, पण दर ठरवताना ते मिळवलं जातं. १९ लाखांवरचा कर १,८०,०००, त्यातून ४ लाख शेती उत्पन्न अधिक ४ लाखांची मूळ मर्यादा, म्हणजे ८ लाखांवरचा कर २०,००० वजा. राहिले १,६०,०००, त्यावर ४ टक्के उपकर, एकूण १,६६,४०० रुपये. शेती उत्पन्न नसतं तर हाच कर १,०९,२०० झाला असता. करमुक्त कापसाने भाड्याचा कर ५७ हजारांनी वाढवला, हे कोणाच्या लक्षात येत नाही.

आता तीच जमीन बाप, दोन मुलं आणि मुलगी अशा चौघांच्या नावे असेल तर प्रत्येकाला पावणेचार लाख भाडं आणि कर शून्य. दरवर्षीचा दीड लाखाहून जास्त फरक, पंचवीस वर्षं.

पण वाटणी खरी हवी. जमीन बापाच्या नावावरच ठेवून भाड्याचा चेक पोरांच्या खात्यात घातला तर तो कर बापालाच लागतो, कारण मालमत्ता न देता नुसतं उत्पन्न दिलेलं आयकर मानत नाही. सातबाऱ्यावर नाव, करारात हिस्सा, स्वतःचं पॅन आणि स्वतःच्या खात्यात भाडं, चारही गोष्टी जुळल्या पाहिजेत. वाटणी तहसीलदारांकडे संहितेच्या कलम ८५ खाली करता येते. मुलगा, मुलगी, पत्नी यांना शेतजमीन बक्षीस दिली तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये आहे. मात्र पत्नीला बक्षीस दिलेल्या जमिनीचं उत्पन्न नवऱ्याच्याच उत्पन्नात मिळवतात, आणि अल्पवयीन मुलाचंही बहुतेक वेळा पालकाच्या उत्पन्नात. सज्ञान मुलगा-मुलगी यांच्या बाबतीत तसं होत नाही.

इथे बहिणींचा विषय येतो आणि तो टाळू नये. सौर प्रकल्प येणार म्हटलं की आधी त्यांच्याकडून हक्कसोड लेख करून घेण्याची घाई होते. वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा हक्क २००५ च्या दुरुस्तीनंतर मुलाएवढाच आहे. तिचा हिस्सा तिला देणं न्यायाचं तर आहेच, करातही त्याने काही बिघडत नाही, कारण तिला तिची १२ लाखांची सवलत स्वतंत्र मिळते.

एकत्र हिंदू कुटुंबाच्या नावाने वेगळं पॅन काढण्याचा सल्ला कोणी दिला तर सावध राहा. ती १२ लाखांची सवलत फक्त व्यक्तीला आहे, कुटुंबाला नाही. कुटुंबाच्या पॅनवर ८ लाख भाडं आलं तर २०,००० कर आणि उपकर लागतो, व्यक्तीला तेवढ्यावर काहीच लागत नाही.

पाचवी पायरी: करारातली वाक्यं

भाडेपट्टा एका वर्षाहून जास्त मुदतीचा असेल तर नोंदणीकृतच हवा. पाचशेच्या स्टॅम्पवरच्या नोटरी करारावर पंचवीस वर्षांची जमीन देऊ नका, कोणी कितीही ओळखीचं असलं तरी.

मुद्रांक शुल्क मुदतीप्रमाणे बदलतं. महाराष्ट्रात दहा ते एकोणतीस वर्षांच्या पट्ट्याला जमिनीच्या बाजारमूल्याच्या ५० टक्क्यांवर शुल्क आकारतात, एकोणतीसच्या वर गेलं की ९० टक्क्यांवर. नूतनीकरणाचा हक्क करारात लिहिला असेल तर तोही काळ मोजतात. शुल्क, नोंदणी फी, मोजणी, अकृषिक आकारणी, ग्रामपंचायतीचा कर हे सगळं कंपनी भरेल, असं शब्दांत लिहून घ्या. प्रकल्पामुळे लागणारा कोणताही पुढचा करसुद्धा.

जीएसटीचंही असंच. शेतीसाठी दिलेल्या जमिनीच्या भाड्यावर जीएसटी नाही, पण सौर प्रकल्पासाठी दिलेल्या जमिनीच्या भाड्यावर तो १८ टक्के आहे. तुमची जीएसटी नोंदणी नसेल आणि कंपनीची असेल तर १० ऑक्टोबर २०२४ पासून तो कंपनीनेच सरकारला भरायचा आहे. करारात ‘भाडे जीएसटी वगळून’ हे शब्द असू द्या, म्हणजे पुढे कोणी तो तुमच्या भाड्यातून कापणार नाही.

प्रकल्पाला कर्ज देणारी बँक तारण मागते. कंपनी तिचा भाडेपट्ट्याचा हक्क तारण ठेवू शकते, तुमची मालकी नाही, हे वाक्य स्पष्ट हवं. तुमच्या सातबाऱ्याच्या इतर हक्कांत कंपनीच्या कर्जाचा बोजा चढणार नाही हेही त्यातच लिहून घ्या.

भाडं कोणत्या तारखेपासून सुरू? पुष्कळ करारांत ‘प्रकल्प कार्यान्वित झाल्यापासून’ असं असतं. म्हणजे तुम्ही वावर मोकळं केलं, एक खरीप सोडला आणि कंपनीचं काम दोन वर्षं रखडलं तर हातात काही नाही. ताबा दिल्याच्या दिवसापासून भाडं, आणि अठरा महिन्यांत काम सुरू झालं नाही तर करार आपोआप रद्द, एवढं तरी असलंच पाहिजे. उशिराच्या भाड्यावर व्याज, दोन वर्षांच्या भाड्याएवढी ठेव किंवा बँक हमी, आणि मुदत संपल्यावर पॅनेल, पाया, केबल काढून जमीन सपाट करून देण्याची जबाबदारी लिहून घ्या. शेवटच्या कलमासाठी वेगळी ठेव मागा. पंचवीस वर्षांनी कंपनीचं नाव काय असेल कोण जाणे, काँक्रीटचे खांब मात्र तुमच्याच वावरात असतील.

एकरकमी मोठा आगाऊ पैसा घेण्याचा मोह टाळा. पाच वर्षांचं भाडं एका वर्षात घेतलं तर ते सगळं त्याच वर्षीच्या उत्पन्नात धरलं जाण्याची शक्यता असते, १२ लाखांची सवलत हातची जाते, आणि दरवर्षी जे करमुक्त राहिलं असतं त्यावर कर बसतो.

विकण्याचा विचार असेल तर

गावाकडची शेतजमीन विकली तर भांडवली नफ्यावर कर नाही, कारण ग्रामीण शेतजमीन कायद्याने भांडवली मालमत्ता मानलीच जात नाही. ग्रामीण कशाला म्हणायचं ते नगरपालिकेच्या हद्दीपासूनच्या सरळ हवाई अंतरावर ठरतं. लोकसंख्या १० हजार ते १ लाख असेल तर २ किलोमीटर, १ ते १० लाखांना ६ किलोमीटर, त्यावर ८ किलोमीटर. २०११ च्या जनगणनेप्रमाणे नागपूरला ८ आणि अमरावती, अकोला, चंद्रपूर, यवतमाळ, वर्धा, गोंदिया, अचलपूर यांना ६ किलोमीटर लागू होतात.

ही सूट ‘शेतजमिनी’ला आहे. पॅनेलखाली वर्षानुवर्षं पीक न घेतलेली जमीन पुढे शेतजमीन म्हणून करमुक्त विकता येईल असं गृहीत धरू नका. शेतजमीन विकून दुसरी शेतजमीन घेतल्यावर मिळणारी सूटही आधीची दोन वर्षं शेती झाली असेल तरच मिळते. म्हणून पाच-सात वर्षांत विकायची असलेली जमीन भाड्याने देऊ नका. देणारच असाल तर आजच नोंदणीकृत मूल्यांककाकडून १ एप्रिल २००१ च्या किमतीचा दाखला काढून ठेवा. त्याआधीपासूनच्या जमिनीसाठी तीच किंमत खरेदीकिंमत म्हणून धरता येते. दीर्घ मुदतीच्या नफ्यावर १२.५ टक्के कर आहे. २३ जुलै २०२४ च्या आधीच्या जमिनीला महागाई निर्देशांक लावून २० टक्के हा दुसरा पर्यायही निवासी व्यक्तीला आहे, आणि जुन्या वडिलोपार्जित जमिनीला तो पुष्कळदा फायद्याचा ठरतो.

स्वतःचा प्रकल्प उभारायचा असेल तर

पीएम-कुसुम ही २०१९ ची योजना. तिच्या ‘अ’ घटकात शेतकरी, शेतकरी उत्पादक कंपनी किंवा सहकारी संस्था ५०० किलोवॅट ते २ मेगावॅटचा प्रकल्प उभारून वीज महावितरणला विकू शकते. ऐकायला हे भाड्यापेक्षा फार चांगलं वाटतं. एक मेगावॅटचा हिशेब मांडून बघू.

जागा सुमारे ५ एकर. खर्च समजा ४ कोटी, त्यात स्वतःचे १ कोटी २० लाख आणि २ कोटी ८० लाख कर्ज, १० टक्के व्याजाने १५ वर्षांसाठी. वर्षाला १६ लाख युनिट आणि दर समजा ३ रुपये १० पैसे, तर उत्पन्न ४९ लाख ६० हजार. कर्जाचे हप्ते सुमारे ३६ लाख ८० हजार. धुणं, राखण, विमा, दुरुस्ती ५ लाख. उरले ७ लाख ८० हजार. ती ५ एकर भाड्याने दिली असती तर अडीच लाख असेच आले असते, म्हणजे १ कोटी २० लाखांवर खरी कमाई ५ लाख ३० हजार. बँकेतली ठेव यापेक्षा जास्त देते. खरा पैसा कर्ज फिटल्यावरच्या दहा वर्षांत आहे, आणि तोवर थांबण्याची ताकद असलेल्यानेच यात उतरावं.

हे गणित सुधारतं ते कृषी पायाभूत सुविधा निधीने. ऑगस्ट २०२४ मध्ये कुसुमचा ‘अ’ घटक त्याला जोडला गेला. २ कोटींपर्यंतच्या कर्जावर ३ टक्के व्याजसवलत, सात वर्षांपर्यंत, म्हणजे पहिल्या वर्षी सुमारे ६ लाख. बँकेच्या शाखेत हे तुम्हालाच काढून दाखवावं लागेल, अर्ज कर्जमंजुरीच्या वेळीच जोडा.

हप्ते ठरवताना आपलं हवामान लक्षात ठेवा. पॅनेल तापलं की त्याची क्षमता घटते, २५ अंशांच्या वर दर अंशाला साधारण ०.३ ते ०.४ टक्के. त्यामुळे ४५ अंशांच्या मे महिन्यात ऊन दिसतं तेवढी वीज मिळत नाही, आणि जुलै-ऑगस्टमध्ये ढगांमुळे विकलेल्या विजेचं बिल उतरतं. पावसाळ्यात हप्ता कमी आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये जास्त, अशी रचना बँकेकडून मागून घ्या.

करात ही वीज म्हणजे व्यवसायाचं उत्पन्न. सौर यंत्रसामग्रीवर ४० टक्के घसारा, म्हणजे झीज म्हणून उत्पन्नातून वजा करायची रक्कम, मिळतो. प्रकल्प वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी चालला तर निम्माच, म्हणून ऑक्टोबरच्या पहिल्या दोन-तीन दिवसांच्या आत तो सुरू होईल असं बघा. न वापरलेला घसारा पुढे नेता येतो, पण तो करमुक्त शेती उत्पन्नाला लावता येत नाही. ज्याचं दुसरं करपात्र उत्पन्न नाही त्याला पहिल्या वर्षी या घसाऱ्याचा हातात काही उपयोग होत नाही. ‘टॅक्स वाचतो’ म्हणून प्रकल्प विकणाऱ्याला हेच विचारा: माझा कुठला टॅक्स? लहान एकट्या मालकाला उलाढालीच्या ६ टक्के नफा गृहीत धरण्याची साधी पद्धतही आहे. वरच्या उदाहरणात ते सुमारे ३ लाख होतात आणि कर शून्य येतो. मात्र त्यात घसारा वेगळा मिळत नाही, दोन्ही वाटा सीएकडून आकड्यांत मांडून घ्या. भागीदारी संस्था काढली तर सरळ ३० टक्के दर लागतो आणि व्यक्तीची सवलत जाते.

वीज विक्रीवर जीएसटी नाही, त्यामुळे खरेदीवर भरलेला जीएसटी परत मिळत नाही, तो खर्चातच धरा. २२ सप्टेंबर २०२५ पासून सौर उपकरणांवरचा दर १२ वरून ५ टक्क्यांवर आला. संपूर्ण उभारणीच्या ठेक्यात ७० टक्के माल आणि ३० टक्के सेवा धरतात, म्हणजे एकूण ८.९ टक्के. जुन्या १३.८ टक्क्यांनी कोटेशन आलं असेल तर ते बदलून मागा.

तीन एकरांच्या आतल्या शेतकऱ्याला यातलं काही लागू नाही. त्याच्यासाठी ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ आहे. पंपाच्या किमतीचा १० टक्के हिस्सा शेतकऱ्याचा, अनुसूचित जाती-जमातींना ५ टक्के. अडीच एकरांपर्यंत ३ अश्वशक्ती, पाच एकरांपर्यंत ५, त्यावर साडेसात. दिवसा ओलीत होतं, रात्री वीज आली म्हणून वावरात जावं लागत नाही, आणि करात काही गुंता नाही.

भाडं सुरू झाल्यावर दरवर्षी

महिन्याला ५० हजारांच्या वर भाडं असेल तर कंपनी १० टक्के कर कापते. वर्षाचं भाडं एकदम देतानाही कापू शकते. पॅन दिलं नसेल तर २० टक्के. ही मर्यादा प्रत्येक सहहिस्सेदाराला वेगळी असते, म्हणून करारात सगळ्यांचे हिस्से आणि पॅन लिहिलेले हवेत. कापलेला कर आयकर पोर्टलवरच्या वार्षिक नोंदीत तुमच्या नावावर दिसतो का ते जूनमध्ये बघा. दिसत नसेल तर कंपनीच्या मागे लागा, कारण तिथे नसलेला कर सहजासहजी परत मिळत नाही.

परतावा हवा तर विवरणपत्र भरावंच लागतं. शेती उत्पन्न ५ हजारांच्या वर असेल तर सर्वात सोपा फॉर्म-१ चालत नाही, फॉर्म-२ भरा, मुदत ३१ जुलै. कापलेला वजा जाता १० हजारांहून जास्त कर निघत असेल तर आगाऊ कराच्या, म्हणजे वर्ष चालू असतानाच हप्त्यांनी भरायच्या कराच्या तारखा १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर आणि १५ मार्च.

पीएम-किसानचे वर्षाला ६,००० आणि राज्याच्या नमो शेतकरीचे ६,००० हाही हिशेबाचा भाग आहे. मागच्या वर्षी आयकर भरलेला शेतकरी पीएम-किसानला पात्र राहत नाही. नुसतं शून्य कराचं विवरणपत्र भरणं म्हणजे आयकर भरणं नव्हे, त्यामुळे परताव्यासाठी विवरणपत्र भरायला घाबरू नका. पण प्रकल्पाला दिलेली जमीन कसती म्हणून दाखवत राहू नका, वसुलीची नोटीस पुढे येतेच.

पीककर्जाची मर्यादा कसत्या क्षेत्रावर असल्याने ती घटेल. उरलेल्या वावरासाठी ३ लाखांपर्यंतचं पीककर्ज मुदतीत फेडलं तर डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेत ते शून्य टक्क्याने पडतं. म्हणून भाड्याचे दोन हप्ते मागून घ्या: एक मार्चच्या पहिल्या आठवड्यात, कर्ज फेडायला आणि आगाऊ कराला, दुसरा मेच्या मध्यावर, बियाण्याला. कंपनीला तारखेने फरक पडत नाही, करार लिहितानाच सांगितलं तर ती मान्य करते.